एचसीजी-बीटाचे प्रतिपिंड एलायझात चालते, वेस्टर्न ब्लॉटवर मात्र काहीच दिसत नाही

बेवो_अभ्यासक (प्रश्न)

नमस्कार. वारेतील पेशी एकमेकींत विलीन कशा होतात, या विषयावर माझे संशोधन चालू आहे. बेवो या कोरिओकार्सिनोमा (वारेच्या कर्करोगाच्या) पेशींना 48 तास फोर्स्कोलिन हे विलीनीकरण घडवणारे रसायन द्यायचे आणि विलीनीकरणाची एक खूण म्हणून त्यांनी माध्यमात सोडलेले एचसीजी, म्हणजे गर्भधारणेत वाढणारे संप्रेरक, मोजायचे, असे कामाचे स्वरूप आहे. त्यासाठी उंदरापासून तयार केलेले एक मोनोक्लोनल, म्हणजे एकच भाग ओळखणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) आणले आहे. त्याच्या माहितीपत्रकावर 'मानवी एचसीजी-बीटा, केवळ संशोधनासाठी' एवढाच उल्लेख असून उपयोगांच्या रकान्यात फक्त एलायझा (पट्टिकेवर प्रतिपिंडांनी प्रमाण मोजण्याची चाचणी) लिहिलेले आहे.

एलायझामध्ये ते अपेक्षेप्रमाणे वागते. फोर्स्कोलिन दिलेल्या पेशींचे माध्यम आणि नुसते डीएमएसओ (द्रावक) दिलेल्या पेशींचे माध्यम यांतील फरक स्पष्ट दिसतो. तेच माध्यम मर्कॅप्टोइथेनॉल (डायसल्फाइड बंध तोडणारे क्षपणक) घातलेल्या बफरमध्ये 95 अंशांवर 5 मिनिटे तापवून वेस्टर्न ब्लॉटसाठी जेलवर चालवले आणि प्रथिने पडद्यावर उतरवली, तर मात्र पडद्यावर काहीही उमटत नाही. शुद्ध एचसीजी भरलेली मार्गिकासुद्धा कोरीच राहते. प्रतिपिंडाचे प्रमाण वाढवून पाहिले, एक्स्पोजरही वाढवले. पडद्यावर प्राथमिक प्रतिपिंडाचा थेंब ठेवून दुय्यम (प्राथमिकाला चिकटून खूण देणारे) प्रतिपिंड तपासले, तर ते व्यवस्थित काम करते.

हे प्रतिपिंड सदोष आहे की माझी पद्धत त्याला मानवत नाही? ते एलएच या एचसीजीसारख्याच संप्रेरकालाही चिकटत नाही याची खात्री कशी करावी? आणि पुढे वारेच्या ऊतीच्या छेदांवर एचसीजी पाहायचे आहे, तिथे हेच प्रतिपिंड वापरता येईल का?

प्रथिनवेध

तुमच्या वर्णनातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे शुद्ध एचसीजीची कोरी मार्गिका. नमुन्यात एचसीजी कमी असावे, ही शंका त्यामुळे बरीचशी मागे पडते आणि प्रतिपिंडाला ओळखायचा भाग पडद्यावर शिल्लकच नाही, ही शक्यता पुढे येते.

एचसीजी हे दोन साखळ्यांचे ग्लायकोप्रथिन (शर्करा जोडलेले प्रथिन) आहे. अल्फा साखळी 92 अमिनो आम्लांची आणि बीटा साखळी 145 अमिनो आम्लांची असते, आणि या दोन साखळ्या एकमेकींना सहसंयुज बंधाने जोडलेल्या नसतात. प्रत्येक साखळीच्या आत मात्र डायसल्फाइड बंधांचे दाट जाळे असते. अल्फामध्ये 5 आणि बीटामध्ये 6. साखळीची घडी या बंधांवरच टिकून असते. उंदराला अखंड, मूळ घडीतले संप्रेरक टोचून जी मोनोक्लोनल प्रतिपिंडे मिळतात, त्यांतली बरीचशी या घडीमुळे शेजारी आलेल्या, पण साखळीत एकमेकांपासून दूर असलेल्या अमिनो आम्लांचा समूह ओळखतात. मर्कॅप्टोइथेनॉलने बंधांचे क्षपण केले, म्हणजे ते तोडले, आणि एसडीएस या अपमार्जकात उकळले की तो समूह विखुरतो. एलायझाच्या पट्टिकेवर संप्रेरक मूळ घडीतच राहते, म्हणून तिथे अडचण येत नाही. माहितीपत्रकावर केवळ एलायझाचा उल्लेख असण्याचे कारणही बहुधा हेच असावे.

हे तपासणे सोपे आहे. शुद्ध एचसीजीचे तीन नमुने करा: एक तसाच, एक क्षपणकाशिवाय एसडीएसमध्ये उकळलेला आणि एक क्षपणकासह उकळलेला. नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर तिघांचे थेंब शेजारी शेजारी ठेवा आणि तुमच्या प्रतिपिंडाने तपासा. पहिले दोन उमटले आणि तिसरा उमटला नाही, तर उत्तर मिळाले. जेलवरही क्षपणाविना एक मार्गिका चालवून पाहा. मात्र ती आणि क्षपण केलेली मार्गिका यांच्यामध्ये एक-दोन मार्गिका रिकाम्या सोडा, कारण क्षपणक शेजारच्या मार्गिकेत झिरपतो आणि निष्कर्ष बिघडवतो. क्षपणाविना पण उकळून चालवल्यास दोन्ही साखळ्या सुट्या होतात. न उकळता चालवल्यास जोडी बऱ्याच अंशी टिकून राहते आणि पट्टी वर दिसते. बीटा साखळीवर शर्करा भरपूर असल्यामुळे ती तिच्या खऱ्या वस्तुमानापेक्षा वर, साधारण 30 ते 35 किलोडाल्टनच्या आसपास, रुंद आणि काहीशा विसविशीत पट्टीच्या रूपात दिसते. रेखीव पट्टीची अपेक्षा ठेवू नका.

क्षपण केलेल्या नमुन्यावरच काम करायचे असेल, तर बीटा साखळीच्या कार्बोक्सी टोकाकडील, म्हणजे शेवटचा, भाग ओळखणारा क्लोन (मोनोक्लोनल प्रतिपिंड) घ्यावा, असे माझे मत आहे. बीटा साखळीत 110व्या स्थानानंतर एकही सिस्टीन नाही. त्यामुळे त्यापुढचा भाग डायसल्फाइड बंधांवर अवलंबून नसतो आणि उकळल्यानंतरही ओळखता येतो. मात्र त्या भागावर 121, 127, 132 आणि 138 या स्थानांच्या सेरीनांवर ओ-शर्करा जोडलेल्या असतात. शर्करा नसलेल्या कृत्रिम पेप्टाइडविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड पेशींनी बनवलेल्या संप्रेरकाला तितक्याच ताकदीने चिकटेल, असे गृहीत धरता येत नाही. क्लोन निवडताना तो कोणत्या द्रव्याविरुद्ध तयार केला आहे, हे विचारून घ्या.

मोजमाप

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माध्यमाच्या मार्गिकेत प्रत्यक्ष किती एचसीजी पडते हेही एकदा मोजून पाहावे. शुद्ध एचसीजीच्या 1 मिलिग्रॅममध्ये सुमारे 10,000 आंतरराष्ट्रीय एकके असतात, म्हणजे 1 नॅनोग्रॅम म्हणजे साधारण 10 मिलिएकके. समजा, एलायझात तुमच्या माध्यमाचे मूल्य मिलिलिटरला 200 मिलिएकके आले. ते झाले मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅम. मार्गिकेत 20 मायक्रोलिटर भरले, तर त्यात जेमतेम 0.4 नॅनोग्रॅम येईल. चांगल्या प्रतिपिंडालाही ते कसेबसे दिसेल, आणि रक्तजलातील अल्ब्युमिनच्या गर्दीत तर अधिकच अवघड. शेवटचे 24 तास रक्तजलविरहित माध्यम ठेवून, नंतर 10 किलोडाल्टनच्या गाळणीतून ते संहत करून घ्या.

दुसरा पर्याय म्हणजे सशाचे पॉलिक्लोनल प्रतिपिंड घेणे. त्यात अनेक भाग ओळखणारी प्रतिपिंडे एकत्र असल्यामुळे उकळल्यानंतरही त्यांतली काही चिकटतातच.

बेवो_अभ्यासक

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे थेंबांची चाचणी केली. मूळ घडीतला आणि क्षपणाविना उकळलेला, हे दोन्ही नमुने उमटले. क्षपण केलेला उमटला नाही. क्षपणाविना चालवलेल्या जेलवर शुद्ध संप्रेरकाची रुंद पट्टी दिसली आणि संहत केलेल्या माध्यमातही दिसली. पेशींच्या अर्कात मात्र एकाऐवजी दोन पट्ट्या आहेत, आणि खालची जास्त गडद आहे. शिवाय एक नवी शंका आहे. आमच्याकडे पकडणारे आणि शोधक अशा प्रतिपिंडांच्या दोन वेगवेगळ्या एलायझा जोड्या आहेत, आणि एकाच माध्यमाची त्यांनी दिलेली मूल्ये एकमेकींशी जुळत नाहीत. कोणत्या जोडीवर विश्वास ठेवावा?

प्रथिनवेध

अर्कातली खालची पट्टी बहुधा अपरिपक्व बीटा साखळीची असावी, म्हणजे अजून एंडोप्लाझ्मिक जालिकेत असलेल्या आणि शर्करांवरील प्रक्रिया पूर्ण न झालेल्या साखळीची. अर्काचा एक भाग एंडो-एच (अपरिपक्व शर्करा कापणारे विकर, म्हणजे एन्झाइम) आणि एक भाग पीएनजीएझ-एफ (परिपक्व शर्कराही कापणारे विकर) यांनी प्रक्रिया करून चालवा. एंडो-एचने खालची पट्टी आणखी खाली सरकली आणि वरची जवळपास जागेवर राहिली, तर हा अर्थ बरोबर आहे. विकराच्या संचासोबत येणाऱ्या विकृतीकरण बफरमध्ये डीटीटी हे क्षपणक असते आणि तुमच्या प्रतिपिंडाला क्षपण चालत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवा. ही पायरी क्षपणकाविना करावी लागेल, किंवा कार्बोक्सी टोकाचा क्लोन हाती आल्यावर.

दुसरा_एपिटोप

एलएच आणि दोन जोड्यांमधील तफावत हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून एकत्र उत्तर देतो. प्रतिपिंड 'एचसीजी' ओळखत नाही. ते त्याच्या पृष्ठभागावरील एक लहानसा भाग ओळखते. तो भाग आणखी कोणकोणत्या रेणूंवर आहे आणि एचसीजीच्या कोणत्या रूपांवर नाही, याचे उत्तर मिळेपर्यंत एलायझाच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

अल्फा साखळी एचसीजी, एलएच, एफएसएच आणि टीएसएच या चारही संप्रेरकांत एकच असते. बीटा साखळी वेगळी असली, तरी एलएचच्या 121 अमिनो आम्लांच्या बीटा साखळीशी तिचे साम्य सुमारे 80 टक्के आहे. सुरुवातीच्या रोगप्रतिकारी चाचण्यांत अखंड संप्रेरकाविरुद्धचे रक्तजल वापरत आणि ते एलएचलाही चिकटे, त्यामुळे एचसीजीचे अल्प प्रमाण खात्रीने सांगता येत नसे. 1972 मध्ये जुडिथ वैतुकाइतिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस यांनी सुट्या बीटा साखळीविरुद्ध सशात मिळवलेल्या रक्तजलाने एलएच असतानाही एचसीजी मोजता येते हे दाखवले, आणि तेव्हापासून या क्षेत्राची दिशाच बदलली. कोहलर आणि मिलस्टाइन यांचे मोनोक्लोनल प्रतिपिंडे बनवण्याचे हायब्रिडोमा तंत्र 1975 मधले, म्हणजे त्यानंतरचे. आज कोणत्याही बाटलीवर 'बीटा' हा शब्द दिसला की आपण निश्चिंत होतो. पण बीटा साखळीवरचे काही भाग एलएचमध्येही जसेच्या तसे आहेत, आणि ते ओळखणारे क्लोनही 'बीटा' म्हणूनच विकले जातात.

खात्री करून घेण्याचा माझ्या पसंतीचा मार्ग पुढीलप्रमाणे आहे. एचईके-293 या मानवी पेशींचे तीन संच घ्या. पहिल्यात रिकामा वाहक, दुसऱ्यात एचसीजी-बीटाचे सीजीबी3 जनुक आणि तिसऱ्यात एलएच-बीटाचे एलएचबी जनुक घाला. तुमचे प्रतिपिंड फक्त दुसऱ्या संचात दिसले पाहिजे. इथे एक बारकावा आहे. एचसीजीची सुटी बीटा साखळी अल्फा नसतानाही पेशीबाहेर सोडली जाते, पण एलएचची सुटी बीटा साखळी बहुतांशी पेशीतच अडकून राहते. त्यामुळे तिसऱ्या संचाचे केवळ माध्यम पाहून 'एलएचला चिकटत नाही' असा निष्कर्ष काढला, तर तो फसवा ठरेल. पेशींचा अर्कही पाहा, किंवा सोबत अल्फाचे सीजीए जनुक घाला, आणि एलएच तयार झाल्याची खात्री एलएचच्या वेगळ्या प्रतिपिंडाने करा. बेवो पेशींत जनुक बंद करून पडताळणी करायची असेल, तर सीजीए बंद करून बीटाच्या प्रतिपिंडाची परीक्षा होत नाही, कारण बीटा साखळी तरीही तयार होतच राहते. बीटाची जनुके 19व्या गुणसूत्रावर एका झुबक्यात, जवळपास सारख्याच अनेक प्रतींत आहेत. ती एकेक करून तोडणे कठीण असले, तरी सामायिक भागावर बेतलेला एसआयआरएनए (जनुकाचा संदेश दाबणारा लहान आरएनए) त्यांतल्या बऱ्याच प्रती एकदम दाबू शकतो.

आता दोन जोड्यांविषयी. माध्यमात अखंड एचसीजी, सुटी बीटा साखळी, 47 आणि 48 या स्थानांमध्ये तुटलेली रूपे आणि जास्त शर्करा असलेले रूप, असे मिश्रण असते. कोरिओकार्सिनोमाच्या पेशींत हे शेवटचे रूप विशेष महत्त्वाचे ठरते. एक प्रतिपिंड अल्फाचे आणि एक बीटाचे असेल, तर ती जोडी फक्त अखंड संप्रेरक मोजेल. दोन्ही बीटाची असतील, तर सुटी साखळीही धरली जाईल. एखादे प्रतिपिंड फक्त सुट्या बीटावर उघडा पडणारा पृष्ठभाग ओळखत असेल, तर त्याला अखंड संप्रेरक दिसणारच नाही. मूत्राच्या नमुन्यांत बीटाचा गाभा-तुकडाही असतो. तो 6 ते 40 आणि 55 ते 92 या दोन तुकड्यांचा असल्यामुळे कार्बोक्सी टोकाचे प्रतिपिंड त्याला धरूच शकत नाही. म्हणून दोन जोड्यांची मूल्ये जुळत नाहीत एवढ्यावरून त्यांतली एक चुकीची ठरत नाही. विलीनीकरणाची खूण म्हणून तुम्हाला अखंड संप्रेरक हवे आहे की एकूण बीटा, हे आधी ठरवा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाला एकूण बीटा अधिक जवळचे आहे, आणि अखंड संप्रेरक स्वतंत्रपणे मोजून सोबत द्यावे.

कोणते प्रतिपिंड काय पाहते हे पडताळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची सहा संदर्भद्रव्ये उपलब्ध आहेत: अखंड एचसीजी 99/688, तुटलेले एचसीजी 99/642, सुटी बीटा 99/650, तुटलेली बीटा 99/692, सुटी अल्फा 99/720 आणि गाभा-तुकडा 99/708. यांचे मूल्य एककांऐवजी मोलमध्ये ठरवलेले असल्यामुळे एकाच मोल-प्रमाणात प्रत्येक रूप तुमच्या जोडीला किती दिसते, याची थेट तुलना करता येते. तुमच्या दोन्ही जोड्यांचे प्रमाणक कोणत्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाशी जुळवलेले आहे, तेही पाहा. पाचवे प्रमाणक 07/364 हे आहे.

फोर्स्कोलिनच्या नमुन्यात संप्रेरक फार जास्त असेल आणि दोन्ही प्रतिपिंडे एकाच वेळी घातली जात असतील, तर हुक परिणामामुळे (दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंनी व्यापली गेल्याने) मूल्य उलट कमी येते. प्रत्येक नमुना 10, 100 आणि 1,000 पट विरल करून पाहा. विरलनाने गुणल्यावर मूल्ये एकमेकांशी जुळली पाहिजेत.

ऊतिछेद

छेदांविषयी लिहितो. फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांत आडवे बंध तयार होतात आणि नंतर उष्णता देऊन एपिटोप, म्हणजे प्रतिपिंड ओळखते ते भाग, पुन्हा उघडावे लागतात. या सगळ्यातून तुमच्या क्लोनला लागणारी घडी टिकेल का, हे प्रयोगाविना सांगता येणार नाही. क्षपण सहन न करणारा क्लोन छेदांवर चालतच नाही असे नसते. आधी गोठवलेल्या छेदांवर पाहा, मग पॅराफिनच्या छेदांवर.

पॉलिक्लोनलच्या सूचनेशी मात्र मी असहमत आहे. अखंड एचसीजीविरुद्धच्या सशाच्या रक्तजलात अल्फा ओळखणारी प्रतिपिंडेही असतात, आणि नेमकी तीच एलएच, एफएसएच व टीएसएचला चिकटतात. एक खेप संपली की दुसरी वेगळी वागते, हे त्याहून मोठे दुखणे. तुमचे काम काही वर्षे चालणार आहे, तेव्हा ज्याची अमिनो आम्लांची क्रमवारी माहीत आहे असे पुनर्संयोजित (जनुकापासून बनवलेले) प्रतिपिंड मिळाले, तर थोडे थांबूनही तेच घ्यावे.

पहिल्या तिमाहीच्या वारेत वरच्या थरातील सिन्सिटियोट्रोफोब्लास्ट (विलीन झालेल्या पेशींचा थर) गडद रंगतो, त्याखालचे सायटोट्रोफोब्लास्ट (अजून विलीन न झालेल्या पेशी) जवळजवळ कोरे राहतात आणि अंकुराच्या गाभ्यातील संयोजी ऊतही कोरी राहते. हा आकृतिबंध दिसला नाही आणि सगळीकडे सारखाच तपकिरी रंग आला, तर ते चिकटणे खरे मानू नका. वारेत मातेचे आयजीजी (एक प्रतिपिंड) मुबलक असते, म्हणून उंदराच्या प्रतिपिंडासाठीचे दुय्यम प्रतिपिंड मानवी आयजीजीवर शोषून शुद्ध केलेले असावे. रक्तपेशींतील पेरॉक्सिडेझ (रंग देणारे विकर) हायड्रोजन पेरॉक्साइडने आधी निष्क्रिय करा. नकारात्मक नियंत्रणासाठी त्याच उपवर्गाचे, त्याच संहतेचे असंबंधित प्रतिपिंड हवे. नुसते प्राथमिक प्रतिपिंड वगळणे पुरेसे नाही. उंदराच्या वारेवर सकारात्मक नियंत्रण करण्याचा विचार असेल, तर तो सोडा. उंदरांत एचसीजी तयारच होत नाही.

बेवो_अभ्यासक

आता दिशा स्पष्ट झाली. एकूण बीटा मोजणारी जोडी मुख्य धरते, अखंड संप्रेरक वेगळे मोजते आणि एचईके पेशींचे तीन संच पुढच्या आठवड्यात लावते. एक शेवटचा प्रश्न: हातातल्या मोनोक्लोनलला स्वतःच पेरॉक्सिडेझ जोडून शोधक म्हणून वापरता येईल का?

प्रथिनवेध

येईल, पण बाटलीतल्या द्रावणात काय आहे ते आधी पाहा. सोडियम अझाइड पेरॉक्सिडेझला निष्क्रिय करते. ट्रिस बफर आणि स्थिरतेसाठी घातलेले अल्ब्युमिन, या दोन्हींत अमाइन गट असल्यामुळे जोडणीची अभिक्रिया तेच खाऊन टाकतात. अल्ब्युमिन असेल, तर केवळ डायलिसिसने ते निघणार नाही. प्रोटीन-जी स्तंभातून प्रतिपिंड वेगळे करावे लागेल, किंवा वाहक प्रथिन नसलेली बाटली मागवावी. जोडणीनंतर विरलनाची मालिका पुन्हा पहिल्यापासून लावा, कारण लायसीन नेमके एपिटोपला भिडणाऱ्या जागेत असेल, तर जोडणीमुळे प्रतिपिंडाचे आकर्षण घटू शकते. तसे झाले, तर याच क्लोनला पट्टिकेवर पकडणारे प्रतिपिंड म्हणून ठेवा आणि शोधक म्हणून दुसऱ्या एपिटोपचा क्लोन घ्या.